पाण्याच्या टाकीवरची बाटली

जानराव पेंटरला बीपी नव्हतं, शुगर नव्हती, साठी आली तरी दात सगळे जागेवर होते. दुखणं एकच होतं आणि त्या दुखण्याचं नाव कय्यूम. मेहकरच्या बाजारात कुणी कय्यूमच्या हाताची तारीफ केली की जानरावच्या पोटात कळ उठायची. कय्यूमला याचा पत्ताही नव्हता. जानराव दिसला की तो गाडी थांबवून विचारायचा, "काय जानराव, बरं हाय ना?" आणि जानराव "हाव, बरं हाय" म्हणून तिथून सटकायचा. हेवा करणाराचं हेच वाईट असतं. ज्याचा हेवा करायचा तो खुशाल घोरत पडतो आणि आपण कूस बदलत राहतो.

दोघं एकाच उस्तादाचे चेले. स्टँडजवळ भगवानराव पेंटरचं दुकान होतं, तिथं दोघांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून डबे घासले, ब्रश धुतले, भिंतींना चुना मारला. त्या काळी रशियातली पुस्तकं गाडीत घालून गावोगाव विकायला यायची. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा आणि भाव असा की लोक पोरांच्या वह्यांना कव्हर घालायलासुद्धा रशियन मासिकं घ्यायचे. भगवानरावांनी त्या गाडीवरून एक मोठं थोरलं पुस्तक उचललं. आत नुसती पोस्टरं. जर्मन फौजा रशियात घुसल्या तेव्हा तिथल्या चित्रकारांनी भिंतीभिंतीवर लावायला काढलेली.

जानराव ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं तो दिवस विसरला नव्हता. लाल कपड्यातली एक बाई, आई शोभेल अशी, एक हात उंच वर नेलेला, मागं संगिनींचं रान. दुसऱ्या पानावर डोक्याला लाल फडकं बांधलेली बाई ओठावर बोट ठेवून बघते आहे, भिंतीला कान असतात, गप्प राहा म्हणून. एका पानावर एवढी थोरली संगीन आणि तिच्या टोकाला एवढासा शत्रू, उंदरासारखा. अक्षरं सगळी रशियन. मेहकरात ती वाचणारा कोण भेटणार होता?

"वाचता येते काय बे?" भगवानरावांनी विचारलं होतं.

"नाई."

"समजलं काय?"

"समजलं."

"मंग याले म्हनतात पोस्टर."

ते पुस्तक म्हणजे त्या दुकानाची पोथी झाली. उस्ताद रोज एक पान उघडून बसायचे आणि दोघांना विचारायचे, या बाईचा हात तिरपा का काढला, सरळ का नाही? याला खालून का बघितलंय? रंग तीनच का? तांबडा, काळा, पांढरा, एवढ्यावर अख्खा देश कसा हलवला? जानराव पटापट उत्तरं द्यायचा आणि तासाभरात ते चित्र हुबेहूब उतरवून दाखवायचा. कय्यूम नुसता बघत बसायचा. एकदा म्हणाला, "उस्ताद, ह्या बाईचं ऐकून किती पोरं लढाईवर गेले असतील? वापस किती आले असतील?" जानरावला हसू आलं. चित्राच्या दुकानात बसून मढी मोजतो, म्हणाला. उस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी कय्यूमकडे जरा वेळ बघितलं आणि पान मिटलं.

पुढं उस्तादांची नजर गेली, दुकान बंद झालं आणि त्यांनी ते पुस्तक कय्यूमला देऊन टाकलं. जानराव समोर उभा होता. त्याच्या तोंडाकडे बघून उस्ताद म्हणाले, "तुह्या हातात लय कला हाय जानराव. तुले पुस्तकाची गरज नाई. त्याची नजर हाय, त्याले कामी पडंन." आता यात कुणी शहाण्या माणसानं आपली स्तुती ऐकली असती. जानरावनं ऐकलं ते एवढंच की पुस्तक कय्यूमचं झालं.

मग फ्लेक्स आले आणि दोघांचंही पोट हातावर आलं. सिनेमाचे बोर्ड गेले, निवडणुकीच्या भिंती गेल्या. राहिलं काय, तर झेडपीच्या शाळांच्या बोलक्या भिंती, ट्रॅक्टरच्या मागचा 'आईचा आशीर्वाद', आणि ग्रामपंचायतीचं 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. रशियन पोस्टरं आता मोबाईलवर शोधली की शेकड्यानं यायची. जानरावच्या मोबाईलमध्ये पुस्तकात होती त्याच्या दसपट होती. तरी कय्यूमच्या घरावरून जाताना त्याची मान आपोआप खिडकीकडे वळायची, कारण आत कपाटावर ते पुस्तक होतं. मोबाईलमधल्या चित्राला तो वास नव्हता, आणि मुख्य म्हणजे ते उस्तादांनी कुणाला दिलेलं नव्हतं.

जानरावची एकुलती एक लेक करिष्मा. तिला दिली होती मेहकरहून हिवरा आश्रमाकडे जाताना फाट्यावरून आत वळतं त्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथल्या बाया मला गाठतील. जावई हर्षल दिसायला राजबिंडा, शेती बऱ्यापैकी, पण गावातच देशी दारूचं दुकान, आणि घराच्या ओट्यावरून त्याची पाटी दिसायची. हर्षलचा दिवस तिथं मावळायचा. एकदा करिष्मा माहेरी आली तेव्हा दंडावर वळ होता. आईनं विचारलं तर म्हणाली दार लागलं. दाराला बोटं असतात काय?

शेवटी एक दिवस बापाजवळ ती मोकळं बोलली. "बाबा, मानूस वाईट नाई. आळशी हाय. दुकान गावात हाय म्हनून पेतात. दुकान गेलं तं रोज पेयासाठी मेहकरले जानार नाईत, मले माहीत हाय. दुकान गेलं तं मी निभावून नेईन. नाई गेलं तं पोरीले घेऊन येते वापस. आता नाई होत मायाकडून."

आणि दुकान जाण्याची वेळ खरंच आली होती. गावातल्या बचत गटाच्या सत्यभामाबाईंनी बायांच्या सह्या गोळा केल्या, चपला झिजवल्या आणि बायांचं मतदान लावून घेतलं. हे मतदान कसं असतं ते आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. मत फक्त बायांचं. कागदावर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण मेख अशी की यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकानाला कुलूप. जी बाई आलीच नाही ती दुकानाच्याच बाजूनं मोजायची.

सत्यभामाबाई जानरावकडे आल्या. "जानरावभाऊ, आमच्या म्हाताऱ्याइले वाचता येत नाई. भिंतीवर चित्र पाह्यजे. लेक तुमचीबी हाय आमच्या गावात."

"एक पैसा घेनार नाई," जानराव म्हणाला. "गावाच्या भिंती बोलक्या करतो."

हे तो मनापासून बोलला, खोटं कशाला सांगा. दोन दिवस तो करिष्माच्या घरी राहून कागदावर चित्रं काढत होता आणि त्या दोन दिवसांत त्याला कय्यूमची आठवणसुद्धा झाली नाही. विहीणबाई विमलबाई त्याला बसल्या जागी चहा देत होत्या. बिचाऱ्या चार ठिकाणी सांगून आल्या, आमचे इवाई सारं गाव रंगवनार हाय. दारूनं नवरा गेलेला, आता मुलगा त्याच वाटेला. गावात दुकान बंद व्हावं अशी इच्छा त्यांच्याइतकी कुणाचीच नसेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी जानराव चावडीकडे गेला तर चावडीच्या भिंतीला शिडी लागलेली आणि शिडीवर कय्यूम.

झालं असं की सत्यभामाबाईंना काम लवकर उरकायचं होतं. भिंती दोन, दिवस थोडे, म्हणून त्यांनी दुसरा पेंटरही बोलावला. त्यात वावगं काय होतं? काहीच नाही. पण जानरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चावडीची भिंत म्हणजे गावातली मोक्याची भिंत, ती कय्यूमला. आपल्याला काय, तर स्टँडजवळची पाण्याची टाकी.

"या जानराव," कय्यूम वरूनच म्हणाला. "मले माहीत असतं तू हाय तं मी आलोच नसतो. पन आता दोघं मिळून करू. पुस्तक आनलं हाय."

खाली ओट्यावर, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, ते पुस्तक होतं. जानरावनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुह्या भिंतीचं तू पाह्य, मायावाल्या भिंतीचं मी पाह्यतो."

संध्याकाळपर्यंत चावडीच्या भिंतीवर एक बाई उभी राहिली. रशियन आई नव्हे, आपलीच. लाल नऊवारी, डोक्यावरून पदर, एक हात पुढं, तळवा तुमच्याकडे, थांबा म्हणून. डोळे असे की गाडीवरून जा, बैलगाडीवरून जा, पायी जा, तुमच्याकडेच बघतात. कमरेपासून वर सगळी भिंत तिचीच. खाली पायाशी एक बाटली, एवढीशी, आडवी पडलेली, त्या बाईची टाच तिच्यावर.

बायांची ही गर्दी. एक म्हणते, ही आमच्या मंजुळाबाईसारखी दिसते. मंजुळाबाई म्हणते, नाई माय, ही तं मायी मेलेली सासू. प्रत्येकीला तिच्यात कुणीतरी ओळखीचं दिसत होतं. आणि त्या गर्दीत करिष्मा, हातात कपबशी घेऊन: "घ्या ना चाचा, थंडा होऊन राह्यला."

चाचा! जानराव टाकीच्या आडून बघत होता. दुपारपासून त्याला कुणी पाणी विचारलं नव्हतं, कारण तो स्वतःच कुणाला जवळ येऊ देत नव्हता, पण हे त्या वेळी त्याला कोण सांगणार? लेक माझी, गाव लेकीचं, आणि चहा कय्यूमला. त्याच्या पोटातली कळ छातीपर्यंत आली. आता दारू, दुकान, हर्षल, दंडावरचा वळ, सगळं मागं पडलं. डोक्यात एकच गोष्ट राहिली. ह्या टाकीवर असं काही काढीन की कय्यूमच्या बाईकडे कुत्रंसुद्धा बघणार नाही.

टाकी उंच आणि गोल. उभ्या भिंतीवर आडवी वस्तू बसत नाही, हे कुणीही पेंटर सांगेल. जानरावनं बेत आखला तो असा: टाकीएवढी उंच बाटली, वरून एक मूठ येऊन तिचा गळा आवळते आहे, मागं लाल आभाळ, आणि सगळ्यावर एक तांबडी फुली. पुस्तकात एक तसंच चित्र होतं, शत्रूचा गळा आवळणाऱ्या पंजाचं. बेत वाईट नव्हता. वाईट झालं ते पुढं.

त्यानं बाटलीपासून सुरुवात केली आणि बाटलीनं त्याला सोडलंच नाही. दोन दिवस तो नुसती बाटली करत होता. काचेचा तो हिरवट काठ, आत संत्रा देशीचा पिवळसर रंग, उन्हाची एक तिरीप वरपासून खालपर्यंत, आणि बाहेरून पाण्याचे थेंब. प्रत्येक थेंबाला सावली, प्रत्येक थेंबात पांढरा ठिपका. फ्लेक्सच्या बापाला जमणार नाही असं काम. ब्रश हातात असा चालत होता की आपण साठीचे आहोत हे जानराव विसरला. मुठीसाठी वर जागाच उरली नाही, म्हणून मूठ झाली लिंबाएवढी, टाकीच्या अगदी काठाला. खालून ती कुणाला दिसतही नव्हती.

सत्यभामाबाई बघायला आल्या. मान वर करकरून बघितलं. "भाऊ, लय मस्त. पन उभी काऊन?"

"फुली मारनार हाय ना तिच्यावर. फुली मारली का झालं."

"हाव, मंग बरं," त्या म्हणाल्या. त्यांचा पेंटरवर विश्वास होता.

फुलीसाठी त्यानं तांबडा डबा उघडला. ब्रश बुडवला. आणि त्याचा हात वर जाईना. एवढ्या चमकत्या काचेवर हातभर रुंद तांबडे पट्टे मारायचे? त्या थेंबांवर? आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम समोर उभं होतं. कय्यूमच्या बाईला उत्तर म्हणून काढलेलं, आणि ते आपल्याच हातानं पुसायचं? शेवटी त्यानं बारका ब्रश घेतला, रंगात टर्पेंटाइन जास्त घातलं आणि दोन पातळ रेघा ओढल्या. त्याही काठाकाठानं, तिरीप वाचवून. फुली होती, नव्हती असं नाही. नवरीच्या गालावर लावलेल्या तिटेएवढी होती.

तेवढ्यात कय्यूम चावडीच्या भिंतीवरचं राहिलेलं बारीकसारीक काम उरकून, सामान आवरून स्टँडकडे निघाला होता. तो टाकीजवळ थांबला. बराच वेळ बघत राहिला.

"जानराव, असा हात साऱ्या जिल्ह्यात नाई," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "पन यार, एक सांगू? लय मोठी झाली. अन् उभी हाय. बायाइले आडवीवर शिक्का मारायचा हाय ना?"

"फुली दिसून नाई राह्यली काय तुले?"

"फुलीनं काय होते? पाह्यनाऱ्याच्या डोक्यात बाटली बसते. फुली बसत नाई. तू म्हनशीन तं मी थांबतो, दोघं मिळून आडवी करू. बाईच्या हातात दे, फुटलेली दाखव, कायबी कर, पन..."

जानराव त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या मनात हळूहळू उजेड पडत होता. जळला! कय्यूम जळला! तीस वर्षं आपण जळत होतो, आज त्याची पाळी आली. नाहीतर कशाला एवढा कळवळा? चांगलं झालेलं बघवत नाही, म्हणून मोडायला निघाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ज्याच्या पोटात हेवा त्याला जगाच्या पोटात हेवाच दिसतो.

"तुही बस निघून राह्यली कय्यूम," तो गोड आवाजात म्हणाला. त्या दिवशी विहिणीच्या हातच्या दोन भाकरी तो जास्त जेवला.

पुढचे आठ-दहा दिवस टाकीचीच चर्चा. पोरं बाटलीपुढं उभी राहून फोटो काढायची, जीभ बाहेर काढून थेंब चाटल्यासारखं करायची. एसटीचा कंडक्टर फाट्यावर 'बाटलीवाले गाव उतरा' म्हणायला लागला. दुकानाचा मॅनेजर शेखर एकदा मुद्दाम टाकीपाशी आला, हात जोडून म्हणाला, "जानरावभाऊ, कला म्हनतात ते हे. आमच्या मालकाले फोटो पाठवला. ते म्हनले, असं चित्र आपल्याले कधी जमलं नाई." ज्या दुकानाला कुलूप लावायला चित्र काढलं त्या दुकानाचा माणूस हात जोडतो, यावर कुणाच्याही डोक्यात घंटा वाजली असती. जानरावनं त्याला नमस्कार केला. एवढं कौतुक आजवर त्याच्या वाट्याला आलं नव्हतं, आणि उपाशी माणूस ताट कुणी वाढलं ते बघत नाही.

चावडीवरच्या लाल बाईकडे आता खरंच कुणी वळून बघत नव्हतं. ती तळवा पुढं करून उभी होती आणि गाव तिच्याकडे पाठ करून स्टँडकडे जात होतं.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढं रांग लागली. सत्यभामाबाईंनी आळीआळीत जाऊन सांगितलं होतं, तळहात आडवा करून दाखवला होता, अशी, झोपलेली. तरण्या बाया समजल्या. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. जानराव आदल्या दिवसापासूनच करिष्माच्या घरी येऊन राहिला होता. सकाळी करिष्मा मत देऊन आली तेव्हा तिचं तोंड तिच्या आईचं देवीला जाऊन आल्यावर व्हायचं तसं झालं होतं. तिनं त्या दिवशी पुरणपोळी केली, अजून काहीच झालं नव्हतं तरी.

संध्याकाळी मोजणी झाली. दुकान राहिलं.

फार थोडक्यात राहिलं. एका आळीत जेवढ्या म्हाताऱ्या असतात ना, तेवढीच मतं कमी पडली. काही बाया सोयाबीन सोंगायला गेल्या म्हणून आल्या नव्हत्या, काहींना नवऱ्यांनी दम दिला होता, ते सगळं धरूनही जमलं असतं. शाळेच्या पायरीवर बसून सत्यभामाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. दुकानापुढं फटाक्यांची माळ लागली. हर्षल दुपारपासूनच तिकडं होता.

करिष्मा घरात आली आणि तिनं चूल पेटवून चहा ठेवला. तिची पोरगी कोपऱ्यात खेळत होती. जानराव खाटेवर बसून होता. मान वर करायची त्याची हिंमत नव्हती. त्याला खरंच वाईट वाटत होतं. लेक आता बॅग भरणार, आपल्याला तिला घेऊन जावं लागणार, गावात लोक विचारणार. वाटत होतं, हात तर आपण चांगला चालवला, मग कुठं चुकलं?

तेवढ्यात विमलबाई आल्या. बोटावर शाई, नवं लुगडं, आणि चेहरा हसरा. दारातूनच म्हणाल्या, "काय माय, ह्या सत्यभामेले झालं तरी काय? आपली बाटली निवडून आली, दुकान गेलं, अन् थे रडून काऊन राह्यली?"

करिष्माच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"तुमचीच बाटली हो, इवाई," विमलबाई जानरावकडे वळल्या. "कागदावर दोन होत्या. एक अशी मेल्यावानी पडलेली, अन् एक तुमच्यावाली, टाकीवरची. मी म्हनलं, एवढी भली काढली, तिले सोडून त्या मुडद्यावर मारू काय शिक्का? आमच्या आळीतल्या साऱ्या म्हाताऱ्याइले मीच सांगून ठेवलं होतं. टाकीवरची पाह्यजा म्हनलं, मायावाल्या इवायाची हाय. साऱ्याइनं तिच्यावरच मारला. मंजुळाबाईनं तं दोनदा मारला." आणि त्या हातपाय धुवायला मागं मोरीकडे गेल्या.

करिष्मा खाली बसली. तिला पूर्ण समजलं होतं.

समजलं जानरावलाही. पण समजण्याच्या आधी, अर्धी घटका नव्हे, पापणी लवायला लागतो तेवढा वेळ, त्याच्या मनात दुसरंच काही येऊन गेलं. म्हणजे चावडीची बाई हरली. ते डोळे, तो तळवा, उस्तादांनी नजर नजर म्हणून जिचं कौतुक केलं ती नजर, पुस्तकासकट हरली. अख्ख्या आळीनं माझ्या बाटलीचं ऐकलं. आणि त्या सुखानं त्याचे ओठ फाकले. त्यानं लगेच ते आवळले, हात तोंडावर नेला, खोकल्यासारखं केलं. पण करिष्मा समोरच बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी हसून राह्यले?"

"नाई व बाई. मी काऊन हसू?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती बघत राहिली, एखाद्या परक्या माणसाला ओळखायचा प्रयत्न करावा तसं. मग उठली, चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला, मोबाईल काढला आणि नंबर लावला.

"कय्यूमचाचा? करिष्मा बोलते. दुकान नाई गेलं... हाव. नाई, रडत नाई मी. चाचा, उद्या तुमाले येता येते काय इकडे? चुना घेऊन या. टाकीवरची बाटली पुसाची हाय. बायाइले परत सह्या गोळा कराच्या हायत, तंवरक थे तिथं नाई पाह्यजे."

पलीकडून कय्यूम काहीतरी विचारत होता. विचारत असणार, तुझा बाप पेंटर असताना मी कशाला?

"ते इथंच बसले हायत," करिष्मा म्हणाली. "तुमीच या."

जानरावला म्हणायचं होतं, मी पुसतो, माझ्या हातानं पुसतो, आत्ता पुसतो. शब्द ओठापर्यंत आले. पण त्याच्या डोळ्यापुढं ते थेंब उभे राहिले, एकेका थेंबातला पांढरा ठिपका उभा राहिला, आणि आपला हात चुन्याच्या बादलीत जाणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. करिष्मालाही ठाऊक होतं. तिनं फोन ठेवला आणि दोरीवरचे पोरीचे कपडे घेऊन पिशवीत भरायला लागली. बाहेर फटाक्यांची दुसरी माळ लागली तशी विमलबाई कौतुकानं बघायला ओट्यावर गेल्या.